पायांखालची काशी

आमच्या घरी प्रवासाचे बेत पंगतीत ठरतात आणि बहुधा पंगतीतच मोडतात. परंतु या खेपेस बेत मांडला तो आत्याने. प्रजासत्ताकदिन, शनिवार आणि रविवार असे लागून आले होते. शाळा-कचेऱ्यांना सलग तीन दिवस सुटी होती. ताकभात कालवता कालवता आत्या म्हणाली, "मला एकदा दुर्गाघाटावरचे ते घर पाहून यायचे आहे." आत्या ऐंशीला आलेली. स्वतःसाठी तिने आजवर काही मागितल्याचे आमच्या स्मरणात नाही. त्यामुळे हा बेत मोडण्याचा धीर कोणासच झाला नाही.

ते घर कोणते, हे वाचकांस सांगितले पाहिजे. आत्याची आजी, म्हणजे आमची पणजी, वैधव्य आल्यावर काशीवासासाठी निघून गेली होती. त्या काळी आपल्याकडील अनेक घरांतून अशी एखादी वृद्धा काशीस जाऊन राहत असे. घरून दरमहा मनिऑर्डर जाई, तिकडून पोस्टकार्ड येई, आणि एके दिवशी पोस्टकार्डाऐवजी तार येई. १९५४ सालच्या वैशाखात आमच्या आजोबांनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलीस आजीच्या भेटीसाठी नेले आणि ती तेथे महिनाभर राहिली. दोन वर्षांनी तार आली. त्यानंतर आमच्या घरातून सहा-सात जण तरी काशीस जाऊन आले असतील. विश्वेश्वराचे दर्शन, गंगेचे स्नान, गंगाजलाचे गडू आणि परतीची गाडी! दुर्गाघाटाकडे कोणी वळले नाही. आमचीही गणना त्यांतच करावी लागेल.

पणजीचे एक पोस्टकार्ड मात्र घरात राहिले होते. आजोबांस मार्ग कळावा म्हणून तिने ते लिहिले होते. शाई फिकी झालेली, अक्षर मोठे आणि थरथरते. "घाट चढून आलास की डाव्या हातास भिंतीतला गणपती आहे. त्याच्या अंगच्या बोळात शिरावे. विहिरीपुढे तिसरे दार." घराचा क्रमांक नाही, मालकाचे नाव नाही. एवढ्या पत्त्यावर सत्तर वर्षांनी घर शोधावयाचे होते.

प्रवासाची व्यवस्था रीतीप्रमाणे दादाकडे गेली. दादा वडील भाऊ. त्याची व्यवस्था चोख असते आणि तीत कोणी ढवळाढवळ केलेली त्यास खपत नाही. त्याने विमानाची तिकिटे काढली, उतरण्याची सोय ब्रह्माघाटाजवळ केली आणि तीन दिवसांसाठी चालकासह एक मोठी गाडी ठरवून तिचे आगाऊ पैसेही भरले. आम्ही म्हटले, "जुन्या काशीत गाडीचा काय उपयोग? तेथे पायीच हिंडावे लागते." आमच्या म्हणण्यास बळ यावे म्हणून आम्ही वरसईच्या विष्णुभट गोडशांचा दाखला दिला. १८५७ साली घर सोडून उत्तरेत गेलेला हा ब्राह्मण सत्तावनच्या धामधुमीतून पार पडला आणि पुढे आईबापांसाठी काशीच्या गंगेची कावड खांद्यावर घेऊन पायी कोकणात परतला. दादा शांतपणे म्हणाला, "विष्णुभट तेव्हा तीस वर्षांचे होते. आत्याच्या गुडघ्यांचे काय ते बोल." यावर आम्हास उत्तर सुचले नाही. परंतु उत्तर सुचले नाही म्हणून आमचे मत बदलले असेही नाही.

निघालो तेव्हा आम्ही सहा जण होतो: आत्या, दादा, वहिनी, आम्ही उभयता आणि महाविद्यालयात शिकणारी दादाची मुलगी. धुक्यामुळे विमान दोन तास उशिरा निघाले. बाबतपूरच्या विमानतळापासून शहर सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. तो रस्ता गाडीने सुखाने कापला आणि दादाने आमच्याकडे एकदोनदा अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले. पुढे मैदागिनच्या चौकात पोलिसांचा लोखंडी अडसर आला. चालक खाली उतरला, दार उघडून धरले आणि म्हणाला, "बस, अब आगे पैदल." तेथून ब्रह्माघाट जेमतेम एक किलोमीटर, पण तो किलोमीटर गाडीचा नव्हता. सामानास हमाल केला, आत्यास वहिनींनी हात दिला आणि कालभैरवाच्या अंगाने आम्ही गल्लीत शिरलो. ती गाडी शेवटच्या दिवसापर्यंत चौकाच्या आसपास कोठेतरी उभी होती आणि तिचे भाडे चालू होते. तीन दिवसांत दादाने त्याचा एकदाही उल्लेख केला नाही. आम्हीही केला नाही. भावाभावांत तेवढे पथ्य पाळावे लागते.

ज्या भागास तेथील लोक 'पक्का महाल' म्हणतात, तो हा जुना दगडी भाग. गल्ली इतकी अरुंद की समोरून बैल आला म्हणजे माणसाने ओट्यावर चढावे. दोन्ही बाजूंस तीन-चार मजली दगडी घरे. आकाशाची एक चिंधी तेवढी वर दिसते. पायांखाली फरसबंदी, ती शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. प्रथमदर्शनी हा सारा गोंधळ वाटतो. परंतु आमच्या मते त्यास फार सरळ कारण आहे. गंगा काशीपाशी येऊन उत्तरेस वळते. तिचा पश्चिम तीर कंकराच्या कठीण भूमीचा, म्हणून उंच. समोरचा पूर्व तीर सखल, वाळूचा आणि पुरात बुडणारा. तेव्हा वस्ती झाली ती एकाच तीरावर आणि त्या उंच कडेवर दाटी करून. अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंतची ही धनुष्याकृती कड सहा-सात किलोमीटरांची आहे. तिच्यावरचे कोणतेही जुने देऊळ नदीपासून चालत फार दूर नाही. चारी बाजूंस वाढावयास जागाच नव्हती, म्हणून घरे वर वाढली व गल्ल्या आक्रसल्या. आणि त्या आक्रसल्या म्हणून ज्येष्ठातले ऊन व लू आत शिरेनाशी झाली. या नगरीच्या यात्राही पाहाव्या. अंतर्गृहाची यात्रा मणिकर्णिकेपासून पायी करावयाची. पंचक्रोशी तर सुमारे ऐंशी किलोमीटरांची, आणि तीही कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा असे पाच मुक्काम करीत पायीच. चालणाऱ्या माणसाच्या मापानेच ही नगरी बेतली गेली आहे.

त्याच संध्याकाळी पोस्टकार्ड घेऊन आम्ही घर शोधावयास निघालो. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट हे शेजारशेजारी. दोन्हींशी पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांचे नाव जोडलेले आहे आणि तेव्हापासून या बाजूस मराठी माणसांची वस्ती आहे. दारांवरच्या निळ्या पाट्यांत 'के' हे अक्षर प्रथम येते. ते कोतवाली विभागाचे. गल्लीतून घाटाच्या माथ्याशी पोहोचलो आणि कार्डाप्रमाणे डाव्या हातास पाहिले. गणपती नाही. एका घराची नवी भिंत, तिच्यावर पाण्याची टाकी आणि दुचाकी लावलेली. पुतणीने मोबाइलवरील नकाशा उघडला; त्यातला ठिपका गल्ल्यांच्या उंच भिंतींत गोंधळून एकदा नदीत तर एकदा कोणाच्या माजघरात उडी घेई. दोन दुकानदारांना विचारले. एकाने पंचगंगेकडे पाठविले, दुसऱ्याने परत. गणपती चार सापडले, विहीर एकही नाही. अंधार पडला. आत्या काही बोलली नाही. निवासावर परतल्यावर तिने कार्ड आपल्या पिशवीत घडी न मोडता ठेवले आणि म्हणाली, "पाडले असेल. सत्तर वर्षे म्हणजे काही थोडी नव्हेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके इतके दाट होते की घाटावरून नदी ऐकू येत होती, दिसत नव्हती. आम्ही मंडळी पंचगंगेवरून दक्षिणेस निघालो. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्या येथे मिळतात असे मानतात. दिसते ती एकटी गंगा. वरच्या उंचावर औरंगजेबाच्या काळची मशीद आहे. तेथे पूर्वी बिंदुमाधवाचे भव्य देऊळ होते. जुन्या चित्रांत या मशिदीचे उंच मनोरे दिसतात आणि लोक त्यांस 'माधवरावाचा धरहरा' म्हणत. आज ते मनोरे नाहीत. बिंदुमाधवाची मूर्ती जवळच एका साध्या घरवजा देवळात आहे. हे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविले. आत्यास ते आठवत होते. "येथे आजी मला तुळशी वेचायला बसवीत असे," ती म्हणाली, आणि एवढ्यावर तिने पुढचा अर्धा किलोमीटर विनातक्रार कापला.

या वाटेने पायी जाताना महाराष्ट्रीय माणसास एक चमत्कारिक अनुभव येतो. परक्या प्रांतात आहोत हे विसरावयास होते. जटारघाट, रामघाट, त्यावरचे सांगवेद विद्यालय, पुढे नागपूरकर भोसल्यांचा उंच दगडी घाट, त्यापुढे शिंदेघाट. हा शिंदेघाट बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास बांधविला. बांधकाम इतके अवजड झाले की ते नदीत खचले. त्याच्याच जवळ रत्नेश्वराचे देऊळ पाण्यात कललेले उभे आहे, आणि वर्षातील कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्याखाली असतो. ज्या बाईने हा घाट बांधला तिनेच ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप उभारला. दशाश्वमेधापलीकडे अहल्याबाईंचा घाट, त्याला लागून नागपूरच्या राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांचा, आणि आणखी दक्षिणेस अमृतराव पेशव्यांचा राजाघाट. दिल्लीचे तख्त राखावयास गेलेल्या मराठ्यांचे तेथे आज काय उरले आहे कोण जाणे. येथे मात्र रोज सकाळी हजारो माणसे त्यांच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरतात. त्या पायऱ्या कोणी बांधल्या हे बहुतेकांस ठाऊक नसते. गाडीतून येणाऱ्यास तर त्या दिसणेही कठीण, कारण रस्त्याच्या बाजूस घाटांची पाठ आहे, तोंड नदीकडे आहे. ही गोष्ट आम्ही त्या वेळी सहज म्हणून बोललो. तिचा अर्थ आम्हास संध्याकाळी कळला.

मणिकर्णिकेपाशी चिता जळत होत्या. आत्या तेथे थांबली, हात जोडले, आणि पणजीस येथेच आणले असावे असे म्हणाली. तेवढेच. आम्ही वरच्या गल्लीने पुढे गेलो.

विश्वेश्वराच्या दर्शनास आता ललिताघाटावरून थेट वर जाता येते. अहल्याबाईंनी १७८० साली पुरे केलेले देऊळ आणि त्यावर रणजितसिंहांनी चढविलेले सोने जुनेच आहे. परंतु भोवतीचा परिसर पार बदलला आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी हा नवा मार्ग खुला झाला. त्यासाठी तीनशेहून अधिक घरे व दुकाने विकत घेऊन पाडण्यात आली आणि त्यांच्या भिंतींआड दडलेली चाळीसहून अधिक जुनी देवळे उघडी पडली. येथे आमचा दादाशी पुन्हा वाद झाला. आम्हास त्या मोकळ्या, उन्हाने तापणाऱ्या चौकात चुकल्यासारखे वाटले. ज्या गल्ल्यांतून धक्के खात, फुलांच्या ओल्या वासातून देवाशी पोहोचावयाचे, त्या गल्ल्या गेल्या. आणि त्यांतून राहणारी माणसेही गेली. दादा म्हणाला, "आत्या आज धक्का न खाता दर्शनाला गेली, हे तुला दिसत नाही?" आत्यास विचारले. तिने आमच्या दोघांचीही बाजू घेतली नाही. "दर्शन चांगले झाले," ती म्हणाली, "पण येथे आजी फुले घेत असे ते दुकान कोठे होते, हे मला आता सांगता येणार नाही." परिसरात अहल्याबाईंचा पुतळा उभा केला आहे; वहिनींनी त्यास मनापासून नमस्कार केला.

खाण्यापिण्याचे एक वाक्य लिहिल्यावाचून आमच्या सौ. हा लेख छापावयास देऊ देणार नाहीत. सकाळची कचोरी-जिलेबी सर्वत्र मिळते. परंतु थंडीच्या दिवसांत मातीच्या परळात मिळणारी मलइयो, म्हणजे दवात ठेवून घुसळलेल्या दुधाचा केशरी फेस, ती दुपारी बारानंतर शोधून उपयोग नाही. आम्ही शोधली. मिळाली नाही.

दशाश्वमेधाशेजारी मानमंदिर आहे. त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. दिल्ली, जयपूर, उज्जैन व मथुरा येथे त्याने बांधलेल्यांची ही बहीण. पुतणी एकटी वर जाऊन आली. आम्ही खाली सावलीत बसलो, कारण आत्याचा चेहरा थकलेला दिसत होता. येथेच आम्ही परत फिरावयास हवे होते. परंतु आत्यास केदारेश्वर पाहावयाचा होता आणि आम्हास आमचे मत सिद्ध करावयाचे होते. या दोहोंपैकी आत्याची इच्छा निर्मळ होती, आमची तशी नव्हती. दरभंग्याचा वाडा ओलांडला, राणामहाल ओलांडला, आणि चौसष्टीघाटाच्या ओल्या पायरीवर आत्याचा पाय सरकला.

ती पडली नाही, वहिनींनी सावरले. पण घोटा मुरगळला व पाहता पाहता सुजला. दादा आमच्याकडे पाहून एकच वाक्य बोलला: "झाले तुझे समाधान?" ते वाक्य आम्ही निमूटपणे ऐकून घेतले, कारण त्यात खोटे काही नव्हते. तो म्हणाला, "मी गाडी घेऊन येतो," आणि रस्ता गाठावयास गल्लीने वर निघून गेला. आत्या पायरीवर बसली होती. सौ.नी ओल्या रुमालाने घोटा बांधला. पाऊण तास गेला. दादाचा फोन आला: चौकात गर्दी तुंबली आहे, गाडी पुढे सोडीत नाहीत, दुसऱ्या बाजूने फिरून यावे लागेल, थांबा. आणखी अर्ध्या तासाने पुन्हा तेच. थंडी वाढू लागली.

तेव्हा समोरच्या नावाड्याने विचारले, "कहाँ जाना है, माताजी?" आत्या म्हणाली, "दुर्गाघाट." तो म्हणाला, "बीस मिनट." आम्ही दादास कळविले, चौघांनी मिळून आत्यास होडीत बसविले आणि निघालो.

सकाळी पायांनी चाललेले सारे घाट आता उलट्या क्रमाने, आणि समोरून, दिसू लागले. धुके विरले होते. थंडीत येणारे पांढरे पक्षी होडीभोवती घिरट्या घालीत होते आणि पुतणी त्यांस शेव टाकीत होती. होडी प्रवाहाच्या दिशेने चालली होती, त्यामुळे नावाड्यास श्रम नव्हते. आत्या बराच वेळ गप्प होती. मणिकर्णिका मागे पडल्यावर ती म्हणाली, "आम्ही तेव्हा असेच आलो होतो रे. काशी स्टेशनावर उतरलो, राजघाटावर आलो, आणि तेथून होडीने. आजी पाण्याच्या कडेस उभी होती."

दुर्गाघाटावर उतरलो. आत्या दहा पायऱ्या चढे आणि बसे. एका बाजूने सौ., दुसऱ्या बाजूने आम्ही. माथा जवळ आला तेव्हा ती शेवटच्या टप्प्यावर विसावली आणि सहज मान वळवून म्हणाली, "अरे, हा काय गणपती."

डाव्या हातासच होता. शेंदूर इतका चढलेला की सोंड कोणती आणि हात कोणता ते कळू नये. आदल्या संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या बाजूने आलो होतो, नदीकडे तोंड करून. तेव्हा तो आमच्या उजव्या हातास होता, आणि आम्ही पत्त्याबरहुकूम डावीकडे टाकी आणि दुचाकी पाहत राहिलो होतो. पणजीने "घाट चढून आलास की" असे स्पष्ट लिहिले होते. तिच्या काशीचा दरवाजा पाण्याकडे होता. आमची काशी मैदागिनपासून सुरू झाली होती. पुतणीने कपाळास हात लावला. आम्हास त्याहून अधिक काही करावेसे वाटले, परंतु आत्यास धरून ठेवले होते.

बोळ होता. विहीर होती, तिच्यावर लोखंडी जाळी पडलेली. विहिरीपुढे तिसरे दार. दारावर कडी वाजविली तेव्हा साठीच्या एका बाई बाहेर आल्या. आम्ही हिंदीत सुरुवात केली; आमची हिंदी ऐकून त्या मराठीत म्हणाल्या, "कोण पाहिजे आपल्याला?" त्यांची मराठी जुन्या वळणाची होती आणि तिला बनारसी हेल होता. त्यांच्या घरात आता मुले हिंदीच बोलतात, असे त्यांनी मागाहून सांगितले. त्यांच्याशी मराठी बोलणारी सासूबाई गेल्यापासून त्यांना सवय राहिली नव्हती. आत्याने पोस्टकार्ड पुढे केले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "खालची कोपऱ्यातली खोली. सासूबाई तिला आजींची खोली म्हणत. कोणत्या आजी, ते मात्र मला कोणी सांगितले नव्हते. आत या ना."

त्या खोलीत आता गव्हाची पिंपे, एक सायकल आणि मुलांची जुनी पुस्तके आहेत. नदीकडचा झरोका तसाच आहे. आत्या पिंपावर हात टेकून उभी राहिली. आम्ही बाहेर अंगणात थांबलो. आत तिने काय पाहिले, हे आम्ही विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. बाहेर आली तेव्हा तिने फक्त पाणी मागितले.

थोड्या वेळाने दादा आला. गाडी त्यास कोठेच नेता आली नव्हती. ती सोडून तो गल्ल्यागल्ल्यांतून धावत आला होता. घामाने निथळलेला, हातात घोट्यास लावावयाचे मलम आणि पट्टी. आत्या ओट्यावर चहा घेत बसलेली पाहून तो दारातच उभा राहिला. मग खाली बसून त्याने स्वतःच्या हाताने तिचा घोटा बांधला. ती म्हणाली, "बाळ, गाडी मिळाली का?" दादा म्हणाला, "नाही." आणि दोघेही हसले. त्या हसण्यात आम्हास घेतले नव्हते, आणि ते योग्यच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतावयाचे होते. आत्यास मैदागिनपर्यंत चालविणे अशक्य, हे उघड होते. दादाने रात्रीच तोड काढली होती: सामानासह सर्वांनी दुर्गाघाटावरून होडीने राजघाटास जावे, तेथे आता रस्ता नदीपर्यंत आला आहे, गाडी थेट तेथे येईल. तीन दिवसांच्या भाड्याचे हे एवढे काम गाडीने केले, आणि ते चांगले केले.

होडी येईपर्यंत आत्या त्या घराच्या दाराशी खुर्चीवर बसली होती. घरच्या बाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली. आत्याने पुतणीस जवळ बोलावले. "मी लहान असताना आजीबरोबर पहाटे स्नानाला जाई. या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत पायऱ्या मोजायच्या आणि चुकलीस तर परत वर यायचे, असा तिचा नियम होता. एकशे सतरा होत्या. जा, मोजून ये."

पुतणी धावत खाली गेली व धापा टाकीत वर आली. "ब्याण्णव, आत्याआजी."

"पंचवीस पाण्यात आहेत," आत्या म्हणाली. "मी आले होते तो वैशाख होता. तेव्हा गंगा खाली जाते."

दादा गडू भरावयास खाली गेला होता. तो वर आला, गडूचे तोंड कापडाने बांधले आणि सहज म्हणाला, "त्र्याण्णव आहेत. मीही मोजल्या." पुतणी म्हणाली, उंबरा धरावयाचा नाही. दादा म्हणाला, उंबऱ्यापासून म्हणजे उंबरा धरूनच. नावाड्याने दोनदा हाक मारली. राजघाटाचा पूल दिसू लागला तरी त्या दोघांचे एकमत झालेले नव्हते.